‘गाडीचा कॉम्प्युटर गेलाय’ म्हणून बावीस हजार घेतले

आमची गाडी २०१४ची, तीन सिलिंडरची पेट्रोल. अण्णांना दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि गाडी मीच चालवते. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात मीटरमधला इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडी ओढेना. घाट कसाबसा पार केला. खाली उतरल्यावर दिवा नुसताच पेटून राहिला, पण गाडी उभी केली की सगळी थरथरायची. गिअरजवळच्या बाटलीतलं पाणी डुचमळत होतं, इंजिनाचा वेग दाखवणारा आरपीएमचा काटा आठशेवरून पाचशेवर यायचा आणि पुन्हा चढायचा.

हायवेलगत एक गॅरेज दिसलं, तिथे थांबले. मालकाने लॅपटॉप जोडला. त्याची स्क्रीन त्याच्याकडेच होती, आणि मीही बघायला मागितली नाही. दोन मिनिटांत म्हणाला, “ताई, कॉम्प्युटर गेलाय गाडीचा. अशीच नेलीत तर पुढे कुठेतरी बंद पडणार. काकांना रात्रीचं रस्त्यावर बसवणार का?” मागच्या सीटवर अण्णा डोळे मिटून बसले होते. त्या एका वाक्यापुढे माझं काही चाललं नाही. भावाला बोलावून आम्ही घरी गेलो, गाडी तिथेच ठेवली.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. दिवा बंद, इंजिन शांत. बावीस हजार रुपये मी यूपीआयने दिले. चिठ्ठीवर ‘ईसीएम, प्लग, मजुरी’ एवढंच, ना जीएसटी नंबर ना पार्टचा नंबर. ईसीएम म्हणजे तोच गाडीचा कॉम्प्युटर. जुना ईसीएम मागितला तर म्हणाला, “तो कंपनीला परत द्यावा लागतो.”

सहाव्या दिवशी दिवा परत आला. फोन केला तर म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ असेल, पंप बदला. मी पंप बदलला आणि आठवडाभर तशीच गाडी चालवली. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. दिवा लुकलुकतो तेव्हा सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या बाजूला जातं आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. तो पार्ट फार महाग असतो. नुसता पेटलेला दिवा असेल तर हळूहळू गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकत असेल तर अॅक्सिलरेटर सोडा आणि जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या.

शेवटी शेजाऱ्यांनी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि आधी स्क्रीन माझ्यासमोर धरली. गाडीने नोंदवलेल्या दोषाचा नंबर, म्हणजे कोड, होता पी०३०१. “शेवटचा आकडा सिलिंडरचा. एक नंबर मिस मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही.” प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असते. मग त्यांनी एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी चालू ठेवली. दहा मिनिटांत दिवा लागला. आता कोड आला पी०३०२. कॉइल जिकडे गेली तिकडे दोष गेला! मिस्त्रींनी ती कॉइल माझ्या हातात दिली. तिच्या रबरी नळीवर आतून केसासारखी काळी रेघ होती. प्लगला मिळायची ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती, आणि दमट हवेत जास्तच. पहिल्या गॅरेजवाल्याने नवे प्लग टाकले होते, तेवढ्यावर गाडी काही दिवस सावरली होती. नवी कॉइल आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं.

मी ‘नव्या’ ईसीएमबद्दल विचारलं. मिस्त्रींनी ग्लोव्ह बॉक्स काढला. मागे ईसीएमचा डबा होता. त्यावर जाड धूळ, स्क्रूंवर गंज, एकाच्याही खाचेवर स्क्रूड्रायव्हरचा ताजा ओरखडा नाही. आमच्या गाडीला इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होत नाही. नवा ईसीएम टाकला असता तर तो सगळ्या चाव्यांशी जुळवावा लागला असता. घरातली दुसरी चावी त्या माणसाने कधी मागितलीच नव्हती.

म्हणून सांगते, दिवा विझलेला बघून पैसे देऊ नका. कोड कोणीही अर्ध्या मिनिटात पुसतो. दोष तसाच असेल तर काही किलोमीटरनंतर कोड परत येतो. काम सुरू व्हायच्या आधी कोडचा नंबर स्वतः बघा, मोबाइलवर फोटो काढा. मिस मारण्याचा कोड असेल आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर आधी कॉइलची अदलाबदल करून दाखवा म्हणा. त्याला एक रुपयाचा पार्ट लागत नाही. ईसीएमचं नाव निघालं तर गाडी हलवून दुसऱ्याला दाखवा, टोइंगचे दोन-तीन हजार गेले तरी चालतील. आणि जुना पार्ट परत मिळणार का, हे पैसे द्यायच्या वेळी नाही, चावी हातात देतानाच विचारा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी आणि धुळीने माखलेल्या त्या डब्याचा फोटो मी जोडला आहे.