छापू, टाइप करू की हाताने लिहू?

दिवाळीला महिना उरला की आमच्या छापखान्यात एक प्रश्न हमखास येतो. गेल्या वर्षी तो घेऊन आले एक दातांचे डॉक्टर. जुन्या पेशंटना पाठवायला ४०० कार्डं हवी होती. अट एकच, आतला मजकूर हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये. "मी स्वतः बसून लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे."

मी छपाईवर पोट भरतो, तरी म्हटलं, तसं वाटणार नाही हो. एका ओळीतले चारही 'त' जुळ्या भावंडांसारखे दिसले की कुणालाही कळतं. मग चहा मागवला आणि आम्ही हिशोब मांडला. वकील, क्लासवाले, इंटिरियरवाले, घरून फराळ विकणाऱ्या ताई, सगळ्यांचा पेच थोड्याफार फरकाने हाच असतो, म्हणून तो हिशोब इथे देतोय.

व्हॉट्सअॅप फुकट आहे आणि तिथेच घोळ आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं. आपण सगळ्यांना शुभेच्छा दिल्या अशा समजुतीत ते खूश असतात. आणि पोचला तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुमची पणती इतर शंभर पणत्यांच्या रांगेत लागते. दवाखाना चार दिवस बंद आहे, ऑर्डर तयार आहे, पत्ता बदललाय, अशा कामाला मात्र याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

ई-मेल हे जपून ठेवायच्या मजकुराचं साधन. कोटेशन, मुदत, ठरलेल्या अटी, थकबाकी. थकलेल्या पैशांची आठवण कधीही हाताने लिहू नका. एक तर ती समोरच्याला जास्त टोचते, आणि उद्या वाद झाला तर तुमच्याकडे प्रत नसते. नोकरीच्या मुलाखतीनंतर आभार मानायचे असतील तरी त्याच संध्याकाळी ई-मेल. टपालाने पाठवलेली चिठ्ठी पोचेपर्यंत जागा भरलेली असायची.

आता छापील कार्ड. माझ्याकडे ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड कार्ड, दोन रंग, पाकीट धरून नगाला साधारण २० ते २५ रुपये पडतात. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं, आणि घडीचं छोटं कार्ड पाकिटासकट त्यात आरामात बसतं. म्हणजे डॉक्टरांची ४०० कार्डं बारा हजारांच्या आत घरोघरी. मजकूर सुबक, चूक नाही, नाव ठळक. फक्त ते उघडून, बघून, टीव्हीच्या कपाटावर ठेवलं जातं आणि तुळशीच्या लग्नानंतर रद्दीत जातं. हे मीच सांगतोय, जो ते छापतो.

हाताने लिहिण्यात कागदाचा खर्च किरकोळ, खरा खर्च वेळेचा. चार-पाच ओळी, पाकिटावर पत्ता, पिनकोड, तिकीट असं सगळं धरलं तर मला एका चिठ्ठीला सहा मिनिटं लागतात. तासाला दहा. ४०० चिठ्ठ्या म्हणजे ४० तास, आणि पंधराव्या चिठ्ठीनंतर अक्षर असं काही घसरतं की औषधाच्या दुकानदारानेच वाचावं. (डॉक्टर यावर हसले नाहीत.)

अमेरिकेत कॅम्पबेल सूप कंपनीचे माजी प्रमुख डग कोनंट यांचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. २००१ ते २०११ या काळात त्यांनी कर्मचाऱ्यांना सुमारे ३०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. आकडा ऐकून छाती दडपते, पण भागाकार केला की कामाच्या दिवशी दहा-बारा पडतात. वर्षभर, थोड्या थोड्या, आणि कुणी नेमकं काय चांगलं केलं ते बघून. एका दिवाळीत चारशेचा रतीब त्यात नव्हता.

दुसरं उदाहरण आपल्याकडचंच. १९७४ साली टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं वाचून बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढे ज्या सुधा मूर्ती झाल्या त्यांनी, थेट जेआरडी टाटांच्या नावे पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि पुण्यात नोकरीही मिळाली. ते कार्ड चाललं ते काही वळणदार अक्षरामुळे नाही. एकाच माणसाला, एकाच गोष्टीबद्दल, रोखठोक लिहिलेलं होतं म्हणून चाललं.

माझ्या मते सगळा निवाडा इथेच होतो. जो मजकूर तुम्ही शंभर जणांना शब्द न बदलता पाठवणार आहात तो छापा. ज्या मजकुरात दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तर तो खोटा ठरेल, तेवढाच हाताने लिहा. हे मी ठेच खाऊन शिकलोय. एका वर्षी हौसेने भाचीला बसवून ६० गिऱ्हाइकांना एकाच मजकुराच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. अक्षर मोत्यासारखं. पण त्यातली दोन गिऱ्हाइकं एकाच इमारतीत, शेजारीशेजारी. दोघांनी चिठ्ठ्या जवळ धरून वाचल्या आणि मला फोन केला, "साहेब, अक्षर कुणाचं?" त्यापेक्षा छापील कार्ड परवडलं असतं.

उलट बाजूही सांगतो. माझ्या काउंटरच्या काचेखाली आठ वर्षं एक चिठ्ठी आहे. रेघांच्या वहीचं फाडलेलं पान, कडेला शिवणीची भोकं, निळं बॉलपेन. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलेली. वरती 'श्री', मग 'स.न.वि.वि.', आणि पुढे तीन ओळी: मुलीच्या लग्नपत्रिकेत आजीचं नाव चुकलं होतं, ते तुमच्या मुद्रितशोधकांनी छापण्याआधी पकडलं, आजी पत्रिका हातात घेऊन रडल्या. खाली 'क.लो.अ.'. त्यानंतर त्यांच्या ओळखीतून किती पत्रिकांची कामं आली ते मोजलं नाही, पण मुद्रितशोधक काका अजून येता-जाता त्या काचेकडे बघतात. म्हणून महागड्या कागदाची वाट बघू नका.

तरी कागदाबद्दल दोन शब्द, कारण इथे पैसे वाया जातात. ग्लॉसी आर्ट कार्डावर किंवा लॅमिनेशनवर शाई वाळत नाही, बोट लागलं की फरफटते. प्रेसवाल्याला सांगा, लॅमिनेशन फक्त बाहेरून, आतली बाजू कोरी. हातकागद दिसतो देखणा, पण फाउंटन पेनाची शाई त्यावर पसरते. त्याला जाड जेल पेन बरं. पावसाळ्यात पाकिटावरचा पत्ता मात्र बॉलपेनानेच. पत्ता देवनागरीत चालतो, पिनकोड स्वच्छ हवा. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, तेव्हा निदान आपण तरी ती नीट लिहावी. ५० पैशांचं पोस्टकार्डही अजून मिळतं, फक्त त्यावरचा मजकूर वाटेत कुणीही वाचू शकतो. डॉक्टरांना म्हटलं, कवळी छान बसली का, हे पाकिटातच विचारा.

साधं टपाल कुठे पोचलं ते शोधता येत नाही. पोच हवी तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

आणि प्रसंग? कुणी नवं काम मिळवून दिलं, कुणी आपल्या अडचणीत उधारीसाठी थांबून घेतलं, गिऱ्हाइकाच्या घरी कुणी वारलं, अशा वेळी हाताने लिहिलेल्याला तोड नाही. सांत्वनाचं छापील कार्ड तर मी छापायलाच घेत नाही. आपली चूक झाली असेल तर मात्र आधी फोन, चिठ्ठी नंतर. नाहीतर फोनवरची बोलणी चुकवायला चिठ्ठी पाठवली असंच वाटतं.

डॉक्टरांना मी मधला मार्ग सुचवला. ३५० कार्डं छापील, सही शाईची, जमेल तिथे एखादी ओळ. उरलेली ५० आतून पूर्ण कोरी, ज्यांनी नवे पेशंट पाठवले किंवा ज्यांचा दात काढताना डॉक्टरांनाच घाम फुटला होता त्यांच्यासाठी. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि काउंटरवरच एक लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीत 'कृतज्ञ'मधल्या 'ज्ञ'पाशी अडले, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

"कोरी पन्नास नको, साठ द्या," म्हणाले. "दहा माझ्या हातून खराब होणार."