शंभर फुटी रोडच्या मावशींचा पथ्याचा डबा: चार महिने खाऊन

सांगलीकर पुराचं पाणी फुटात मोजतात, मी प्यायचं पाणी मिलीलिटरमध्ये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. माझा धोका दिवसाला ७५० मिलीच्या पुढं सुरू होतो. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचे घोटही आले. तीन वर्षं झाली, मंगळवार-गुरुवार-शनिवार मिरजेला चार-चार तास डायलिसिस. बाकीचे दिवस मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. बायको शाळेत, ती सकाळी सातला घर सोडते. दुपारच्या जेवणाचा प्रश्न होता, म्हणून हा डबा.

डब्याला नाव नाही, पाटी नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये ‘डबा मावशी’ एवढंच. मूळचा डबा वालचंद कॉलेजच्या पोरांचा. पथ्याचे आम्ही सात जण नंतर चिकटलो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं ते असं: “डायलिसिस चालू आहे, की नुसती किडनी वीक आहे?”

हा प्रश्न माझ्या अर्ध्या नातेवाइकांना अजून कळत नाही. मशीनवर जायच्या आधी डॉक्टरांनी माझी डाळ, अंडी, सगळं मापात आणलं होतं. मशीन सुरू झाल्यावर उलटं सांगितलं, प्रोटीन वाढवा, कारण डायलिसिसमध्ये त्यातलंही काही वाहून जातं. पण घरी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘किडनीला डाळ विष’ एवढं सांगून आणि चहा पिऊन जातो. मावशी डायलिसिसच्या दिवशी रात्रीचाही डबा देतात, त्यात तीन अंड्यांच्या पांढऱ्या बलकाची भुर्जी असते, भरपूर कांदा आणि हिरवी मिरची घालून. मशीनवरून उतरल्यावर पाय कापूस झालेले असतात, तेव्हा ही भुर्जी गरम असो वा गार, मी खातो.

आता चवीचं. आपल्याकडं जेवणाची चव म्हणजे चटणी. आणि बाजारच्याच काय, घरच्याही कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच, टिकायला घालतात. म्हणजे भाजी अळणी केली तरी चटणीतून मीठ पोटात जाणारच. मावशींनी आमच्यासाठी बिनमिठाची चटणी वेगळी कुटून आणली. खोबरं निम्मं, तीळ नाहीतच, लसूण दीडपट. डंकवाल्यानं म्हणे दोनदा विचारलं, मीठ विसरलाय का. मीठ नसल्यामुळं ती टिकत नाही, म्हणून थोडी थोडी करतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. या चटणीची दोडक्याची भाजी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा कपाळावर घाम आला. तीन वर्षांत जेवताना घाम आला नव्हता.

आमटीच्या डब्याच्या झाकणावर स्केचपेननं आकडा लिहिलेला असतो: १००, कधी १५०. तेवढे मिली मी माझ्या हिशेबातून वजा करतो. आधीच्या एका डब्यात रोज पातळ वरण पाव लिटर यायचं, ते बघूनच वजन वाढायचं.

भाज्या दुधी, पडवळ, कोबी, तोंडली, दोडका अशा फिरत्या असतात. बटाटा आठवड्यातून एकदा, बारीक चिरून, पाण्यात भिजवून, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून. आम्हाला जास्त चालत नाही ते पोटॅशियम बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं. बटाट्याची चवही जाते. खरं सांगायचं तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो आणि त्याला फोडणीसुद्धा वाचवू शकत नाही. मी मावशींना सांगितलं, बटाटा देऊच नका. त्या म्हणाल्या, बाकीचे सहा जण मागतात.

कृष्णाकाठची वांगी मात्र त्यांनी एकदा जमवली. फोडी करून उकडून घेतल्या, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी भाजलेल्या कांद्या-लसणाचं वाटण लावलं. याला भरली वांगी म्हणवत नाही. पण वास तोच होता, आणि मी डबा पुसून खाल्ला. भडंगाचा प्रयोग फसला. शेंगदाणे काढले, मीठ काढलं, लसूण-मिरची चुरचुरीत परतली, आणि पहिल्याच घासाला कळलं की चुरमुरे मुळातच खारट असतात. सांगलीत जन्मलेल्या माणसाला हे चोपन्नाव्या वर्षी लक्षात यावं!

चूकही सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू खोटा ठरेल. दुसऱ्या महिन्यात डबा एकाएकी भलताच चविष्ट लागू लागला. आमटीला जीव आला होता. मी खूश. महिन्याचा रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.३. माझं साडेपाचच्या आत पाहिजे, कारण ते वाढलं की थेट हृदयाचा ठोका बिघडतो. त्याच दिवशी ईसीजी झाला, डॉक्टरांनी झापलं ते वेगळंच. केळं खाल्लं का, नारळपाणी प्यालात का, सगळं विचारून झालं. बायकोचा संशय बेदाण्यावर. आमच्या यार्डात बेदाण्याचे सौदे होतात आणि जाता-येता चार दाणे तोंडात टाकणं ही तिथली रीत आहे, हे तिला माहीत आहे. मी शपथा घेतल्या. दोन दिवस घरात माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

शेवटी मावशींना फोन लावला.

“मावशी, मीठ बदललंय का?”

“हो की भाऊ! मुद्दाम हलकं आणलंय तुमच्यासाठी, सोडियम कमी असतंय त्यात. महाग पडतंय, पण म्हटलं असू दे.”

“पाकिटाच्या मागं काय लिहिलंय तेवढं वाचा.”

फोन तसाच ठेवून चष्मा शोधायला गेल्या. परत येऊन अडखळत वाचू लागल्या आणि “पोटॅशियम क्लो…” इथं थांबल्या. या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या एखाद्या माणसाला ते चालतही असेल, आमच्यासाठी नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सातही जणांना फोन केले. माझ्याकडं स्वतः आल्या, दोन आठवड्यांचे पैसे टेबलावर ठेवले. मी घेतले. घेऊ नयेत असं बायकोचं मत होतं, पण ईसीजी आणि जादा तपासण्यांचं बिल माझ्याच खिशातून गेलं होतं. तेव्हापासून कुठलंही नवं पाकीट फोडायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो ग्रुपवर येतो. गेल्या महिन्याचा माझा रिपोर्ट ५.१.

किरकोळ तक्रारी: चपात्या दुपारी दीडपर्यंत चामड्यासारख्या होतात. रविवारी डबा बंद, आणि नेमकं रविवारीच माझं खाणं सुटतं. पावसात गावभागात पाणी यायची नुसती बातमी आली तरी डबा पोचवणारा पोरगा पुढं यायला तयार नसतो. मी मारुती चौकापर्यंत चालत जाऊन डबा घेतलाय. महिन्याचे ३४०० रुपये, साध्या डब्यापेक्षा ८०० जास्त. दोन चुली आणि दोन चटण्या बघितल्यावर मी त्यावर वाद घातला नाही.

पाचपैकी चार. एक तारा त्या मिठाचा कापला, तो मावशींनाही मान्य आहे.

कोणाला लावायचा असेल तर ताजा रिपोर्ट आणि आपल्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद घेऊन जा. माझी मापं तुम्हाला चालतील असं नाही, मावशी सातही जणांचे डबे वेगवेगळे भरतात. नंबर इथं टाकू नका म्हणाल्यात. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर विचारा, कोणाकडं तरी असेलच. आणि फोन संध्याकाळी सातनंतर लावा, सकाळी त्यांचे हात कणकेत असतात.