घोड्यांसाठी गवताचं बी घेताय? आधी हे वाचा

गिरणाऱ्याजवळ आमचं २० गुंठे रान पडीकच होतं. दारात दोन घोड्या आणि एक शिंगरू, दर उन्हाळ्यात चारा विकत आणून जीव मेटाकुटीला येतो, म्हणून यंदा ठरवलं की ऱ्होड्स ग्रास लावायचं, म्हणजे ओलं चरायला होईल आणि उरलेलं कापून, वाळवून गंजी घालता येईल.

नाशिकमध्ये एका प्रदर्शनात एक जण भेटला. "दादा, खास घोड्यांचंच बी आहे, रेसच्या घोड्यांना हेच लागतं." पांढरी पिशवी, वर घोड्याचा फोटो, ९०० रुपये किलो. ४ किलो घेतलं, पैसे लगेच फोनवरून टाकले. बिल मागितलं तर म्हणे व्हॉट्सॲपला पाठवतो. पिशवीला ना टॅग, ना लॉट नंबर, ना उगवणीची टक्केवारी, आणि मी मूर्खासारखा फोटो बघून गप्प बसलो.

पाऊस पडल्यावर ओल्या वाळूत बी मिसळून वरच्यावर फेकलं, कारण ऱ्होड्सचं बी बारीक नि हलकं, खोल गेलं तर उगवतच नाही. उगवलं मात्र छान, म्हणून शंका आली नाही. श्रावणात तुरे आले तेव्हा शेजारचे मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "अरे, हे तर अंजन आहे, धामणातलं!" मी मोबाईलवर फोटो काढून जुळवून पाहिलं. ऱ्होड्सचा तुरा एका जागेतून फुटलेल्या बोटांसारखा दिसतो, आणि जमिनीवरून त्याचे धावते फुटवे जातात, पेरापेराला मुळं धरतात. माझ्या रानात मात्र एकेकट्या, केसाळ, जांभळट शेपट्या!

आता अंजन काही वाईट गवत नाही, गाईंना उत्तमच आहे. पण त्यात ऑक्झालेट बरंच असतं, गाईच्या पोटातले जंतू ते मोडतात, घोड्याला तसं जमत नाही. ऑक्झालेट कॅल्शियम बांधून टाकतं, आणि महिनोन्महिने तेच खाऊ घातलं तर शरीर हाडातून कॅल्शियम काढायला लागतं, घोडा लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. पिल्लाला पाजणाऱ्या घोडीला आणि वाढत्या शिंगराला धोका जास्त, आणि माझ्याकडे नेमकं तेच दोघं! तोवर तीन आठवडे मी तेच कापून घोड्यांपुढे टाकत होतो. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाय-जबडा चाचपून पाहिलं, अजून काही झालेलं नाही म्हणाले, लगेच बंद करा, लसूणघास आणि मिनरल मिक्स्चर चालू करा. त्या रात्री मला झोप लागली नाही हो.

विकणाऱ्याचा फोन बंद. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो तर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या, पक्कं बिल, लेबल आणि बियाण्याचा नमुना. माझ्याकडे फक्त अर्धा किलो उरलेलं बी, ती पिशवी आणि पैसे गेल्याचा मेसेज. तरी अर्ज दिलाय.

गवत आता मामांच्या गाई खातात. पुढच्या वेळी मी परवानाधारक दुकानातूनच लेबल आणि बिलासकट घेणार, मुठभर बी पिशवीतच राखून ठेवणार आणि आधी एका गुंठ्यात लावून तुरा येईपर्यंत थांबणार. कोणाच्या घरी ती घोड्याचा फोटोवाली पांढरी पिशवी असेल, तर कृपा करून फेकू नका, आणि तुरा बघितल्याशिवाय घोड्यापुढे एक पेंढीही टाकू नका.