परदेशी नोकरीच्या काळात गाडीचा विमा थांबवून ठेवला : साडेतेरा महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑफिसने मला जर्मनीला पाठवलं, तेव्हा माझी गाडी सव्वाचार वर्षांची होती. विकायची नव्हती. बाबा अडुसष्ट वर्षांचे, त्यांनी गाडी चालवणं सोडलेलं. म्हणजे वर्षभर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहणार हे ठरलेलं होतं. विमा मात्र जूनमध्येच भरला होता. न चालणाऱ्या गाडीच्या अपघाताचे पैसे कशाला भरायचे, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मला पडला आणि मी त्याच्या मागे लागले.

एजंटला विचारलं तर म्हणाला, "ताई, विमा थांबवता येत नाही. चालू ठेवा, नाहीतर संपू द्या." हे खरं नाही. इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे देशातल्या वाहन विम्याच्या नियमावलीत, गाडी बंद करून ठेवण्यासाठी वेगळं कलम आहे, आयएमटी ११-अ, ज्याला लेड-अप म्हणतात. गाडी कधीपासून कधीपर्यंत गॅरेजमध्ये बंद राहील ते कंपनीला कळवायचं, तेवढ्या काळापुरती कंपनीची जबाबदारी स्थगित होते, आणि त्या बदल्यात पुढच्या नूतनीकरणात काही रक्कम वजा करून मिळते किंवा पॉलिसीची मुदत वाढवून मिळते. आग, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचं संरक्षण पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॉलिसीत, या काळातही राहतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी) असेल तर काहीच राहत नाही.

मी कलमाच्या नंबरासकट ई-मेल केला. पहिलं उत्तर आलं, "आपली विनंती समजली नाही." दुसऱ्यात पॉलिसी रद्द करण्याचा फॉर्म आला. रद्द करणं आणि स्थगित करणं यांतला फरक समजावून सांगायला मला तीन फोन आणि सोळा दिवस लागले. शेवटी १ ऑक्टोबरपासून जूनअखेरच्या मुदतीपर्यंतचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कंपनीचा कागद, हातात पडलं. पुढच्या नूतनीकरणात १,९४० रुपये वजा होतील असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हा कागद मी छापून बाबांकडेही एक प्रत ठेवली. पुढे सगळी मदार त्याच कागदावर राहिली.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला ते सांगते, कारण एन्डॉर्समेंट देताना कुणीही त्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं.

स्थगितीत थर्ड पार्टीही थांबते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी विम्याशिवाय गाडी वापरता येत नाही. कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी पार्किंगमधून हलणारच नाही असं मी धरून चालले होते. फेब्रुवारीत एका रात्री बाबांचा फोन आला. "परवा पार्किंगच्या फरशीचं वॉटरप्रूफिंग आहे. दोन दिवस सगळ्या गाड्या बाहेर रस्त्यावर लावायच्यात. शेजारचा मुलगा काढून देतो म्हणालाय."

माझ्या पोटात गोळाच आला. बाबांचं म्हणणं होतं, चालवायची थोडीच आहे, नुसती उभी करायचीय. पण उभी गाडी म्हणजे "वापर" नाही, असं आपण गृहीत धरतो तेवढं ते सोपं नाही. १९८७ मध्ये साताऱ्याच्या बाजूला महामार्गावर एक पेट्रोल टँकर उलटला होता आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन जमलेले लोक दगावले. टँकर तेव्हा जागचा हलतही नव्हता, तरी तो त्या वाहनाच्या वापरातूनच घडलेला अपघात आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. उतारावर उभ्या गाडीचा हँडब्रेक सुटला आणि कुणाला लागलं, तर भरपाई आमच्या घरातून गेली असती. थर्ड पार्टीत मृत्यू किंवा इजा झाली तर भरपाईला वरची मर्यादा नसते, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी कंपनीला फोन केला की स्थगिती दोन दिवस उठवा. उत्तर मिळालं, तीन कामाचे दिवस लागतील. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दाने कुरकुर न करता आमची रांग शेवटी घेतली, आठवडाभराने. तोवर कंपनीचा कागद आला, गाडी बाहेर गेली, परत आत आली, आणि मग पुन्हा स्थगिती लावायला नवा अर्ज. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी गाडी हलवायची वेळ येऊ शकते, त्यांनी हे आधी तपासा. आणि किल्ली ज्याच्याकडे ठेवणार त्याला नीट समजावून सांगा, नुसतं "विमा आहे" एवढ्यावर सोडू नका. किल्लीवरून आठवलं. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये राहून जर्मनीला आली होती. स्थगितीत चोरीचं संरक्षण राहतं खरं, पण चोरीच्या दाव्यात कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात. सुट्टीला निघालेल्या सहकाऱ्याबरोबर ती परत पाठवली.

तिथल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडची पद्धत सांगितली तेव्हा हेवा वाटला. जर्मनीत गाडीची नोंदणी तात्पुरती काढून घेतली की सरकारी ऑफिसच विमा कंपनीला कळवतं आणि "रूहेफरझिशरुंग" आपोआप लागू होतं. रूहे म्हणजे विश्रांती. पैसे न घेता दीड वर्षापर्यंत संरक्षण, अट एवढीच की गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची नाही, आपल्या बंदिस्त जागेत ठेवायची. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

खरा वाद झाला तो जून २०२४ मध्ये. नूतनीकरणाची नोटीस आली त्यात १,९४० रुपयांचा पत्ता नव्हता, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ४५ टक्क्यांवरच होता. पाचवं वर्षही एकही क्लेम न करता गेलं होतं, म्हणजे ५० टक्के व्हायला हवा होता. कस्टमर केअरच्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, गाडी चाललीच नाही तर ते वर्ष कसं मोजणार?" ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या संपूर्ण वर्षात पॉलिसी अस्तित्वात होती. पार्किंगमध्ये आग लागून गाडी जळाली असती तर कंपनीला पैसे द्यावे लागले असते, आणि माझा बोनस शून्य झाला असता. जोखीम त्यांनी घेतली, हप्ता मी भरला, क्लेम केला नाही. मग बोनस का नाही? हे मी अगदी याच शब्दांत लिहून पाठवलं.

या वेळी मी एक गोष्ट केली तिचं मला आजही समाधान आहे. वाद मिटायची वाट न पाहता मुदत संपायच्या चार दिवस आधी नोटिशीतली पूर्ण रक्कम भरून टाकली आणि सोबत लिहिलं की रक्कम मान्य नाही, हक्क राखून भरते आहे. भांडणाच्या नादात पॉलिसी संपली असती तर नव्वद दिवसांनंतर सगळाच बोनस गेला असता. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं. पाच महिने परदेशी होती, गाडी उभीच आहे म्हणून विमा संपू दिला, परत आल्यावर गाडीची तपासणी करून घ्यावी लागली आणि बोनस शून्यावर आला. हिशोब करून बघा. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता ८,००० रुपये धरला, तर ५० टक्क्यांवर पोचलेला माणूस शून्यावर आला की पुन्हा ५० पर्यंत चढेपर्यंत, म्हणजे २०, २५, ३५, ४५ या पायऱ्या चढताना, पाच वर्षांत एकूण १०,००० रुपये जास्त भरतो. त्यापुढे माझे १,९४० किती ते दिसतंच आहे.

लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे केली आणि त्याच दिवशी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकाच्या, बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवली. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुणे दोन्हीकडे त्यांची ऑफिसं आहेत. माझा अर्ज लिहून तयार होता. त्याची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी कंपनीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या, बोनस ५० टक्के केला आणि फरकाचे पैसे खात्यात जमा झाले. माफीचा शब्द नव्हता. कंपनीने सुरुवातीला हेच पाहिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

९ नोव्हेंबर २०२४ ला मी परत आले. नूतनीकरणानंतर पुन्हा घेतलेली स्थगिती ३० नोव्हेंबरपर्यंत होती, ती लवकर उठवण्याचा अर्ज निघण्याआधीच केला होता, तरी कागद १२ तारखेला आला. ते तीन दिवस गाडीला हात लावला नाही. कव्हर काढलं तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड बसली होती, रिमोट दाबून दार उघडेना, आणि एक टायर पूर्ण बसला होता. बाबा टॉर्च धरून उभे होते. "मी दर रविवारी चालू करणार होतो, पण तुझ्या त्या कागदाची भीती वाटायची," असं म्हणाले. नवी बॅटरी बसवली, टायरमध्ये हवा भरली आणि पहिली फेरी पीयूसी काढायला, कारण तेही संपलं होतं.

आता सरळ सांगते. गाडी कुलूपबंद गॅरेजमध्ये असेल, आठ-दहा महिने कुणीही हलवणार नसेल आणि कंपनीशी पत्रव्यवहार करायचा धीर असेल, तरच लेड-अप घ्या. बाकीच्यांनी थर्ड पार्टी थांबवण्याच्या फंदात पडू नये. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला ती वर्षाला ३,४१६ रुपये पडते, आणि तेवढ्यासाठी घरच्यांच्या डोक्यावर असली जोखीम ठेवणं मला आता पटत नाही. २०२२ मध्ये आयआरडीएआयने वापरावर आधारित ॲड-ऑनना परवानगी दिली आहे, कमी किलोमीटर चालणाऱ्या गाडीला कमी हप्ता. त्यात थर्ड पार्टी चालूच राहते. मला २०२३ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर मी तेच घेतलं असतं.

जानेवारीत पुन्हा पाच महिने जायचं आहे. विमा पूर्ण चालू ठेवणार आहे. दोन्ही किल्ल्या बाबांकडे, आणि शेजारच्या मुलाला पंधरा दिवसांतून एकदा कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आणायला सांगितलंय. त्याचं लायसन्स मी स्वतः बघून घेतलं.