जुन्या गाडीतील सेन्सरचा बिघाड: स्कॅनर की मल्टिमीटर?
गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावताच ‘पी०११८’ हा कोड दिसतो. पण इंजिनाच्या तापमान-सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि तेवढ्यावर सेन्सर बदलणे मला चुकीचे वाटते. व्होल्टेज आणि रोध (विजेला होणारा अडथळा) मोजणारा मल्टिमीटर वेळखाऊ खरा, मात्र दोष सेन्सरचा की वायरिंगचा, हे तोच ठरवतो. गार इंजिनावर कनेक्टर काढून सेन्सरचा रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला तो दोन-तीन हजार ओहम भरतो आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहमांवर उतरतो. तो योग्य असल्यास इग्निशन चालू करून वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्ट येतात का, ते पाहावे. माझ्या गाडीत सेन्सर धडधाकट होता, कनेक्टरच्या पिनेवर मात्र हिरवट गंज चढला होता. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषासाठी, गाडी चालत असताना बदलणारे आकडे दाखवणारा स्कॅनरच उपयोगी पडतो.