ग्रंथालय अनुदानाचे प्रस्ताव करून देणारी बेळगावातील सेवा: दप्तर चोख, कायदा चुकला

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी वाचनालयाचा अनुदान प्रस्ताव तयार करण्याचे काम आम्ही गेल्या पावसाळ्यात बेळगावातील एका सल्लागार कार्यालयाकडे 4,000 रुपयांत सोपविले. दप्तराच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. दाखल नोंदवही आणि कपाटांतील पुस्तके यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखले, प्रत्यक्ष मोजणी करून घेतली आणि जीर्ण पुस्तके बाद करण्याचा कार्यकारिणीचा ठरावही नीट लिहून दिला.

मात्र हाती आलेला प्रस्ताव महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खालील ‘क’ वर्गाच्या मान्यतेसाठी होता! आमची संस्था 1956 पूर्वी नोंदलेली असल्याने प्रमाणपत्रावर मुंबई राज्याचा उल्लेख आहे, पुस्तकेही बहुतेक मराठी. त्यावरून त्यांचा हा समज झाला असावा. प्रत्यक्षात त्या कायद्याची मान्यता ग्रंथालय महाराष्ट्राच्या हद्दीत असले तरच मिळते, पुस्तकांची भाषा तेथे पाहिली जात नाही, आणि 1 नोव्हेंबर 1956 पासून आमचा जिल्हा त्या हद्दीबाहेर आहे. आम्हाला लागू होणाऱ्या कर्नाटकच्या 1965 च्या कायद्याची घडणच निराळी आहे: घरपट्टीबरोबर 6 टक्के ग्रंथालय उपकर वसूल होतो, त्यावर प्रामुख्याने ग्रंथालय प्राधिकरणांची स्वतःची ग्रंथालये चालतात, आणि आमच्यासारख्या संस्थेला, तिचे सभासद तो उपकर भरत असले तरी, त्यातील वाटा आपोआप मिळत नाही.

यातून एक वाट आहे, आणि ती आम्हाला कार्यालयाने नव्हे तर गावातील एका निवृत्त ग्रंथपालांनी दाखविली. केंद्राच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची (स्थापना 1972, कोलकाता) एक योजना 50, 60, 75, 100 अशी वर्षे पूर्ण करणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. ती एका राज्यापुरती नाही. अर्ज मात्र आपल्या राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत जातो. आमची पंच्याहत्तरी जवळ आली असल्याने ज्या जुन्या प्रमाणपत्राने घोटाळा केला, तेच येथे वयाचा पुरावा म्हणून उपयोगी पडले.

चूक दाखविल्यावर कार्यालयाने जादा शुल्क न घेता आठ दिवसांत नवा प्रस्ताव करून दिला, हे नमूद करणे न्याय्य होईल. नोंदवह्या आणि हिशेब लावून घ्यायचे असतील तर येथे जरूर जावे. योजना कोणती, हे मात्र आपण आधी ठरवून जावे. पाचपैकी तीन तारे.