नवार घालून शिवलेला कापडी पट्टा: पोळ्यापासून मृगापर्यंत वापरल्यावर

निकाल आधीच सांगते. जुन्या पद्धतीच्या, फ्रॉकसारख्या घेरदार ड्रेसवर त्याच कापडाने मढवलेला पट्टा हवा असेल आणि तो विदर्भातल्या उन्हात, एसटीच्या गर्दीत, आठवड्याच्या धुण्यात टिकायला हवा असेल, तर तयार पट्टा मागवू नका. गावातच शिवून घ्या, आणि आत खाटेची सुती नवार, म्हणजे खाट विणायची जाड रुंद पट्टी, घाला. माझे पट्टे मागच्या पोळ्यापासून वापरात आहेत. मृग लागून गेला तरी एकही दुमडलेला किंवा उसवलेला नाही.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि रोज एसटीने कामावर जाते. माझी मोठी मावशी 1960 च्या दशकात मुंबईत नर्स होती. तिच्या पेटीतून निघालेले सुती आणि क्रेपचे ड्रेस मला अंगासरशी बसले. पुढे बटणं, कमरेत शिवण, खाली घेर. सगळं जागच्या जागी होतं, पट्टे तेवढे नव्हते. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीवर दोऱ्याचे बारीक लूप होते. जुन्या ड्रेसला असे लूप दिसले की समजायचं, याला मुळात पट्टा होता आणि तो कुठेतरी हरवला आहे. हा पट्टा नुसती सजावट नसते. फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिऑरने 1947 मध्ये पॅरिसला जो बारीक कमरेचा, मोठ्या घेराचा घाट आणला, त्याच वळणावर पुढची कित्येक वर्षं जगभर ड्रेस शिवले गेले. अशा ड्रेसची कमरेची शिवण पट्ट्याखाली झाकली जाईल हे धरूनच कापणी केलेली असते. पट्टा नसला की ती शिवण उघडी पडते आणि घेराच्या वजनाने सगळा ड्रेस खाली ओढल्यासारखा दिसतो.

सुरुवातीला मी कुरिअरने तयार पट्टे मागवले. एकात कापडाखाली पुठ्ठा होता. बसलं की पोटाशी घडी पडायची आणि उभं राहिल्यावरही ती जायची नाही. घामाने पुठ्ठा फुगला आणि कडा गोल झाल्या. दुसऱ्याच्या पाठीला रेक्झिन होतं, त्याचे पापुद्रे ड्रेसला चिकटायला लागले. रेक्झिनवर पॉलियुरेथेनचा थर असला की तो दमट हवेत आणि घामाने आपोआप सुटत जातो. कपाटात नुसता ठेवला तरी सुटतो, त्यामुळे त्यावर इलाज नाही. वरचं कापड रबरी सोल्युशनने चिकटवलेलं होतं, तेही उन्हाळ्यात कडेने उचकटलं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. तिथे नुसत्या चिकटवलेल्या कामावर विसंबणं मला पटत नाही. पट्ट्याला शिवणच पाहिजे.

तालुक्याच्या मॅचिंग सेंटरमध्ये बक्रम सुचवतात. साधा बक्रम म्हणजे खळ देऊन कडक केलेलं कापड. पाण्यात गेला की खळ निघते आणि पट्टा लोळागोळा होतो. शर्टाच्या कॉलरला इस्त्रीने चिकटवतात ते कॅनव्हास त्याहून पुष्कळ बरं, ते धुण्यात टिकतं. पण एका पदराचा पट्टा बसल्यावर कमरेशी गुंडाळतो, दोन पदर तरी लागतातच.

नवारीची गोष्ट आमच्या गावात शिवणकाम करणाऱ्या काकूंनी काढली. "अवं पोरी, नवार घाल ना त्याच्यात! खाटेवर चार मानसं बसली तरी ढिल्ली होत नाही ते. वरचं कापड दिसाले असते, जीव त आतल्याचाच लागते." घरात जुन्या खाटेची नवार पडून होती, ती त्यांनी मागवून घेतली. नवार अडीच-तीन इंच रुंद असते. उभी मधोमध दुमडून कडेने टीप मारली की सव्वा ते दीड इंचाची जाड, पण वाकणारी पट्टी तयार होते. जुन्या ड्रेसला बहुतेक तेवढीच रुंदी शोभते. दप्तराला लावतात ती नायलॉनसारखी पट्टीही बाजारात मिळते, पण त्यातली पुष्कळशी प्लास्टिकची असते आणि सुती कापडाच्या गरम इस्त्रीखाली आक्रसते. सुती नवारीवर इस्त्री बिनधास्त फिरवता येते.

आता करायचं कसं, ते नीट सांगते, कारण टेलरला हे समजावून द्यावं लागतं. नवार आणि वरचं कापड दोन्ही आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटेल, दुसरं आटणार नाही, आणि पट्ट्यावर सुरकुत्या येतील. लांबी कमरेच्या मापापेक्षा सहा-सात इंच जास्त. कापड लांबीच्या धाग्यात, म्हणजे काठाला समांतर कापा. आडवं कापलं तर पट्टा वापरून ताणतो. कापडाची रुंदी पट्टीच्या दुप्पट आणि वर अर्धा-पाऊण इंच शिवणीला. कापड उलट्या बाजूने पट्टीभोवती घट्ट गुंडाळायचं आणि शिलाई मशीनच्या चेन लावायच्या अर्ध्या पायाने पट्टीला अगदी चिकटून टीप मारायची, पण सुई नवारीत जाऊ द्यायची नाही. मग पट्टी बाहेर ओढायची, शिवण उघडून इस्त्री करायची आणि ती पाठीच्या मधोमध आणायची. एक टोक निमुळतं शिवून नळी सुलट करायची. शेवटी नवारीचं टोकही तसंच निमुळतं कापून, नाडा घालायच्या सळईने आत सरकवायची. नळी घट्ट असते, जोर लागतो, पण तो घट्टपणाच वरचं कापड ताठ ठेवतो. चिकटवायचं काहीच नाही. मळला की बकलाकडची टाचणीची शिवण उसवा, नवार काढा, कापड वेगळं धुवा.

बकलाचं मात्र जरा अवघड आहे. दुहेरी नवारीला भोक पाडून आरीने रिंग बसवता येते. आठवडी बाजारात बसणारे चांभारदादा ते करून देतात, पण भोकाशी पट्टा सुजल्यासारखा दिसतो. मला काटा नसलेलं, मधे दांडी असलेलं सरकतं बकल जास्त आवडलं. पट्टा त्यातून ओढायचा आणि टोक आतून टिच बटणाने बसवायचं. बकल नवं घेण्यापेक्षा जुनं शोधा. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांच्या गाठोड्यात कोट आणि बायकांच्या पट्ट्यांची बकलं निघतात. लोखंडी असेल तर घेऊ नका. पावसाळ्यात गंजून कापडावर तांबडा डाग उठतो आणि तो सहजी जात नाही. पितळी किंवा जुन्या जाड प्लास्टिकचं चालतं. त्याच्यावर तिरक्या कापाची पट्टी गुंडाळून मागून टाके घातले की बकलही ड्रेसच्याच कापडाचं दिसतं.

कापड कुठून आणायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. आधी ड्रेसच उलटा करून बघा. जुन्या ड्रेसच्या खालच्या दुमडीत दोन-तीन इंच कापड सहज असतं. दुमड अर्धी केली तर निघालेल्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून पट्ट्यापुरतं कापड होतं, आडवे जोड बाजूच्या लूपखाली लपवायचे. तेही नसेल तर मिळतंजुळतं शोधत बसू नका. साठ वर्षं फिकट झालेल्या रंगाला नवं कापड जुळत नाही, आणि जवळपास जुळणारं तर सगळ्यात वाईट दिसतं. सरळ वेगळ्या रंगाचा पट्टा करा. माझ्या बारीक फुलांच्या ड्रेसवर वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेल्या जाड खादीचा पट्टा आहे आणि तो मूळचाच वाटतो. नागपूरला जाणं होत असेल तर गांधीबाग, इतवारीत कटपीस बघा, अर्धा मीटर पुष्कळ झाला.

वापरात काय झालं? पावसात भिजलेला पट्टा वाळायला दोन दिवस घेतो, कारण नवार पाणी धरते. थंडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, काहीच तक्रार नाही. उन्हाळ्यात घामाचे पांढरे चट्टे गडद रंगावर उठतात. पाठीला सुती अस्तराची सुटी पट्टी टाचून घ्या आणि तीच धूत राहा. कमरेला गरम होतं, हे खरं आहे. मे महिन्यात दुपारी मी पट्टा सैल करत असे.

पातळ कापडाला मात्र नवार जड होते. मावशीचा निळा क्रेपचा ड्रेस तसा आहे. रेयॉनचा क्रेप पाण्यात आटतो आणि ओला असताना कमजोर होतो, म्हणून त्याचं कापड भिजवणार नाही. आत कॉलरच्या कॅनव्हासचे दोन पदर घालायचे, असं काकूंशी ठरलंय. खालच्या दुमडीत कापड पुरेसं आहे, आणि बकल मिळालं की शिवायला देणार आहे.